वजनाच्या पावतीवर तोडणाऱ्याचं नाव कुठे आहे?

प्रति,
मा. मुख्यमंत्री आणि गाळप हंगाम ठरवणाऱ्या मंत्री समितीचे सर्व सदस्य,
मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे

विषय : ऊसतोड कामगारांना कारखान्याचे कामगार म्हणून कायद्याने मान्यता देणे आणि ती अट गाळप परवान्यात घालणे.

स. न. वि. वि.

मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेकडचा, प्रवरेच्या कालव्यावरचा ऊस उत्पादक सभासद आहे. दर वर्षी पावसाळा सरता सरता तुमची बैठक होते. कारखाने कधी सुरू करायचे, टनामागे कोणत्या निधीला किती कापायचं, कोणाची एफआरपी (उसाचा केंद्राने ठरवलेला किमान भाव) थकली आहे, याचा निर्णय तिथे होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात तारीख येते आणि आमच्या गट ऑफिसात नोंदी बघायला गर्दी होते. त्याच तारखेकडे पाथर्डी, शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर इथली माणसंही डोळे लावून बसलेली असतात. घराला कुलूप कधी लावायचं, शाळेतली पोरं आजीपाशी ठेवायची की सोबत न्यायची, म्हातारीच्या औषधाचं काय, हे सगळं त्यांना त्या तारखेवरून ठरवायचं असतं. बैठकीत मात्र त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. म्हणून हे पत्र.

माझ्या शेतातून उसाची खेप गेली की वजन होताच मला मोबाईलवर मेसेज येतो. मागाहून पावतीही हातात पडते. तिच्यावर माझं नाव आहे, सभासद क्रमांक आहे, गट नंबर आहे, उसाची जात आहे, ट्रॅक्टरचा नंबर आहे, भरलेलं वजन आहे, रिकाम्या गाडीचं वजन आहे आणि एका कोपऱ्यात टोळीचा कोड आहे. तो कोड मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा. ज्या नवरा-बायकोने पहाटेपासून तो ऊस खाली पाडला, सोलला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून फळीवर चढत ट्रॉलीत रचला, त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. त्यांना मेसेजही जात नाही. आपण किती टन तोडले हे त्यांना मुकादमाच्या वहीतून कळतं, आणि तेही बऱ्याचदा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, गावी परतताना. माझा ऊस तोडायला आलेल्या एका बाईंना मी विचारलं, मावशी, आतापर्यंत किती झालं? त्या म्हणाल्या, "मुकादमाला ठावं." एवढं बोलून त्या पुढच्या सरीला लागल्या.

उसाचा धंदा म्हटलं की कारखाना, शेतकरी आणि सरकार हे तिघे डोळ्यांसमोर येतात. या तिघांचं नातं मात्र आपोआप जुळलेलं नाही, ते धोरणाने घडवलं आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं म्हणून आमच्या पट्ट्यात बारमाही पाणी आलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेत सहकारी कारखाना उभा केला, पण त्यानंतर राज्यभर कारखाने पसरले ते सरकारी भागभांडवल आणि कर्जांना मिळालेली थकहमी यांच्या जोरावर. उसाचा भाव केंद्र सरकार ठरवतं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखान्याने पैसे थकवले तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढून साखरेवर जप्ती आणू शकतात आणि पुढच्या हंगामाचा गाळप परवानाही अडवू शकतात. हा धाक खरा आहे. त्याच्यामुळेच माझ्यासारख्याचे पैसे सुटतात. यातलं काहीएक आम्हाला बाजाराने दिलेलं नाही. ते मोर्चे काढून, निवडणुका लढवून, विधानसभेत माणसं पाठवून आमच्या आधीच्या पिढ्यांनी मिळवलं. ते मिळवताना आमच्या हातात मतं होती, शेअर होते आणि पाणी होतं.

पाथर्डी आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे कालवा पोचला नाही. डोंगरउताराची हलकी जमीन, पावसावरची बाजरी आणि तूर. एका जिल्ह्याच्या एका टोकाला पाणी आणि कारखाने उभे राहिले आणि दुसऱ्या टोकाची माणसं तो ऊस तोडायला निघाली, यात कुणाच्या कष्टाळूपणाचा किंवा आळसाचा संबंध नाही. पाणी कुठे न्यायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी मजूर कुठून येणार हेही नकळत ठरवून टाकलं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या वंजारी, बंजारा, दलित आणि भूमिहीन मराठा कुटुंबांच्या वाट्याला कोयता आला तो असा. बीडमधून, जालना-परभणीकडून माणसं निघतात आणि कोल्हापूर, सांगलीपासून थेट कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. सगळी मिळून किती? कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा-पंधरा. कुणाच्या शेतात किती आडसाली आणि किती खोडवा उभा आहे याचे आकडे साखर संकुलात सर्वे नंबरासकट आहेत. तोडणाऱ्या माणसांची पक्की मोजदाद नाही. त्यांना ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं द्यायचा निर्णय झाला, कार्डंही वाटली गेली, पण त्या कार्डावरून कारखान्याला काही देणं लागत नसेल तर ते कार्ड पाकिटात राहतं.

आता उचलीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळी गाठ तिथे आहे.

कारखान्याच्या आत काम करणाऱ्या हंगामी कामगाराला कारखाना बंद असतानाच्या महिन्यांत रिटेन्शन भत्ता मिळतो. पगाराचा त्रिपक्षीय करार होतो, त्यात मालक, कामगार आणि सरकार तिघे बसतात. भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे. हे योग्यच आहे, त्यासाठी साखर कामगार युनियननी अनेक वर्षं झगडा दिला आहे. पण त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस जो तोडून आणतो, त्याच्याही हाताला पावसाळ्यात काम नसतं. त्याला भत्ता मिळत नाही, उचल मिळते. म्हणजे कर्ज. जून-जुलैत बियाणं घ्यायचं असतं, पोरीचं लग्न झालेलं असतं, दवाखान्याचं बिल अंगावर असतं, तेव्हा मुकादम दारात येऊन एका कोयत्याला पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त रोख ठेवतो. एक कोयता म्हणजे एक जोडपं. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. रोजगार हमीचं काम केल्यावर मजुरी मिळते, उचल कामाआधी मिळते, आणि अडलेल्या माणसाला एवढाच फरक दिसतो.

मग हिशेब असा बसतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. लाख रुपयांची उचल फेडायला एका जोडप्याला पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो. दोघांनी मिळून रोज दोन टन तोडले, एकही दिवस आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी यायला उशीर नाही, असं धरलं तरी सव्वाशेहून जास्त दिवस होतात. त्यात खाणंपिणं धरलेलं नाही. आणि हंगाम किती दिवस चालतो? एकेकाळी एप्रिल-मेपर्यंत धुराडी चालायची. नवे कारखाने आले, जुन्यांची गाळपक्षमता वाढली, इथेनॉलसाठी व्याज सवलतीची कर्जं मिळाली, सगळ्यांनाच ऊस हवा आणि ऊस तेवढाच. २०२४-२५ च्या हंगामात अनेक कारखान्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्येच गाळप संपवलं. क्षमता वाढवायला परवाना देताना कारखान्याची फाईल तपासली गेली, बँकेची तपासली गेली. हंगामाचे दिवस कमी झाले की कोयत्याच्या अंगावर बाकी राहणार, हे त्या फाईलमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. नाही गेलं तर घरी माणसं येतात. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात कर्जापोटी बांधून घेतलेल्या श्रमाला जे म्हटलं आहे, त्यात आणि यात मला तरी अंतर दिसत नाही.

वर सांगितलेल्या कराराची तारीख पुन्हा बघा. त्या हंगामाची एफआरपी, क्विंटलला ३१५ रुपये, केंद्राने जून २०२३ मध्येच जाहीर केली होती. म्हणजे माझ्या मालाचा भाव कारखाना सुरू व्हायच्या चार-पाच महिने आधी ठरलेला. तोडणाऱ्याची मजुरी जानेवारीत ठरली, निम्मा हंगाम सरल्यावर, संपाचा इशारा देऊन आणि नेत्यांच्या दारात बसून. शेतकऱ्याच्या भावाला कायद्याचा आदेश आहे आणि मजुराच्या दराला साखर संघ (कारखान्यांचा संघ) व मजुरांच्या संघटनांमधली बोलणी. कुणाची बाजू कुठे नोंदवली जाते, यावर त्याला न्याय मागावा लागतो की आपसूक मिळतो हे ठरतं.

बायकांबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो, पण टाळणं बरोबर नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यानंतर खासगी दवाखान्यांवर परवानगीचं बंधन आलं, ते गरजेचं होतं. पण ती बाई दवाखान्यापर्यंत का पोचते? एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा लागतो, तो दोघांच्या हिशेबातून जातो. फडाशेजारी राहायला कोपी, म्हणजे झोपडी, असते, तिथे ना मोरी ना संडास. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन फळी चढायची. अंगावरचं दुखणं महिनोन्महिने तसंच काढलं जातं आणि मग कुणीतरी सांगतं की पिशवी काढून टाक म्हणजे कायमची कटकट जाईल. डॉक्टरला दोष द्यायचा तिथे द्यावाच. पण ज्या दिवशी ती आजारी आहे त्या दिवसाची मजुरी बुडू नये, ही जबाबदारी कुणाची? कारखाना म्हणतो आमची नाही, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो माझा व्यवहार मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो मीही पोटासाठीच आलोय. आणि तिची मजुरी नवऱ्याच्या उचलीत आधीच जमा झालेली असते, तिच्या नावावर काही नाही.

आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांना हे पत्र पटणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांचीही तक्रार खरी आहे, ती मी इथेच मांडतो. टोळ्या खुशाली मागतात, ड्रायव्हर एंट्री मागतो, म्हणजे दोघेही वरचे पैसे मागतात, ते दिले नाहीत तर तोड पुढे ढकलली जाते आणि उसाला तुरे येऊन वजन घटतं. त्याहून मोठं दुःख ट्रॅक्टरवाल्याचं आहे. गावातली तरुण पोरं बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतात, कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतात, कारखान्याकडून घेतलेली आणि वरून स्वतःची अशी लाखोंची रक्कम मुकादमाला देतात, आणि दसऱ्यानंतर मुकादमाचा फोन बंद लागतो. अशी उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत. पोलिसात तक्रारी होतात, पैसे येत नाहीत. पण मला प्रत्येक वेळी वाटतं की या भांडणात कारखाना कुठेच नाही. त्याला माणसं हवी आहेत, पण माणसं आणण्याचा धोका त्याने पोराच्या ट्रॅक्टरवर टाकला आहे, पोराने मुकादमावर आणि मुकादमाने कोयत्यावर. वरच्या प्रत्येक पायरीवर स्टॅम्पपेपर आहे, फक्त शेवटच्या पायरीवर नाही. खुशाली मागणारा मजूर आणि ती देणारा शेतकरी एकमेकांवर चिडतात, आणि जी व्यवस्था मजुराला टनाचा पुरता दाम देत नाही ती मोकळी राहते. माझ्या बिलातून टनामागे आठ-नऊशे रुपये तोडणी-वाहतुकीचे म्हणून कापले जातात. त्यातले कोयत्यापर्यंत किती पोचले, हे विचारायचा हक्क सभासद म्हणून मलाही हवा आहे.

यावर उपाय नाही असं कुणी म्हणू नये. याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्याआधी बंदरात आणि बाजारपेठांत हमालांच्याही टोळ्याच होत्या, त्यांचाही मालक कोण याचं उत्तर कुणी देत नव्हतं. अण्णासाहेब पाटील, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांनी आयुष्य घातलं आणि कायद्याने एक साधी गोष्ट केली : हमाल आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही म्हणजे जादा आकार, आणि त्या लेव्हीतून निधी, रजा, दवाखाना. व्यापारी तेव्हाही म्हणत होते की धंदा बुडेल. बाजार समित्या आजही चालू आहेत. दुसरीकडे १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा फक्त दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. बीडहून सांगलीला आलेला माणूस त्यात बसतच नव्हता. आणि बीडहून बेळगावला गेलेला बसत होता, त्याच्यापर्यंत तो कायदा कधी पोचला नाही.

तुम्ही काहीच केलं नाही असं माझं म्हणणं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. संत भगवानबाबांच्या नावाने मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, आणि ज्या गावात ते वसतिगृह नीट चालतं तिथे पोरं शाळेत टिकतात. महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं. २०२१-२२ मध्ये राज्यात १३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला गेला. त्या हिशेबाने एका मोठ्या हंगामात १३० कोटी रुपये होतात, आणि सरकारने तेवढाच वाटा घातला तर दुप्पट. कोणत्या कारखान्याने किती भरले, कोणत्या तालुक्यात कशावर खर्च झाले, याची यादी एफआरपीच्या थकबाकीसारखी दर पंधरवड्याला का लागत नाही? पण निधी कितीही वाढला तरी तो कल्याणाचा निधी आहे. तो देणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. माथाडीला मिळालं ते मर्जीवर नाही, कायद्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कामगारांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाला ती घ्यावी लागते, हे राज्यकर्त्यांना लागायला हवं.

ऊसतोडणी यंत्रांना सरकार भरघोस अनुदान देतं. यंत्र येऊ द्या, कोयता कुणाच्या पोरांच्या हातात राहावा असं मला वाटत नाही. पण एक यंत्र किती टोळ्यांचं काम करतं हे आपल्याला माहीत असताना, यंत्र घेणाऱ्याला लाखोंचं अनुदान आणि ज्यांचं काम जाणार त्यांच्यासाठी एका ओळीचीही योजना नाही, हे धोरण कुणाकडे बघून आखलं गेलं?

माझं मागणं अवघड नाही. कारखाना हा तोडणी कामगाराचा मुख्य मालक, असं कायद्यात लिहा; त्यासाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ काढा आणि उचल द्यायचीच असेल तर ती मंडळाच्या खात्यातून, नोंदीसह, बिनव्याजी जाऊ द्या. तोवर थांबायचंही कारण नाही. गाळप परवान्याच्या अटी साखर आयुक्तांच्या हातात आहेत. एफआरपी थकवणाऱ्याला परवाना नाही, तसा नोंदणीकृत कामगारांची यादी, विमा आणि मागच्या हंगामाचा मजुरीचा हिशेब न देणाऱ्यालाही परवाना नाही, ही अट येत्या हंगामापासून घाला. तोडणीचा दर एफआरपीसोबतच, हंगामाआधी जाहीर करा. कारखाना ठरावीक दिवसांच्या आत बंद झाला तर उरलेल्या दिवसांची किमान मजुरी कामगाराला द्यायची आणि उरलेली बाकी पुढे ओढायची नाही, असा नियम करा. आणि काट्यावरून जो मेसेज मला येतो तोच कोयत्याच्या दोन्ही मोबाईलवर जाऊ द्या, नवऱ्याच्या आणि बायकोच्या, टनाच्या आकड्यासह. त्याला कायदाही लागत नाही, कारखान्याच्या संगणक विभागातल्या माणसाला सांगितलं तर त्याच हंगामात होईल.

याचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न बैठकीत निघेल. साखर, इथेनॉल, वीज आणि मळीच्या उत्पन्नातून कारखान्यांनी उचलावा, असं माझं मत आहे. त्यातला काही भाग टनामागे माझ्या बिलातून कापला जाणार असेल तर माझी हरकत नाही, फक्त तो कशासाठी कापला हे बिलावर लिहिलेलं असावं. आमच्या कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला दोन सभासद तयार आहेत, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. सभेच्या आधी तुमच्याकडून लेखी उत्तर आलं तर ते वाचून दाखवीन.

कळावे,

आपला,
प्रवरा कालव्यावरचा एक ऊस उत्पादक सभासद